शुभवर्तमानाचा नित्यपाठ : प्रस्तावना

ख्रिस्ती उपासनेत दररोज शुभवर्तमानाचा एक उतारा वाचला जातो, आणि तो कोणता असावा हे त्या दिवशी ना वाचणारा ठरवितो, ना ऐकणारा. वाचनमालेने ते फार पूर्वीच ठरवून ठेवलेले असते. वेदीजवळ उभा राहून वाचणारा धर्मगुरू आणि कामावर जाण्यापूर्वी अर्धा तास काढून मागच्या बाकावर येऊन बसलेला कारकून, हे दोघेही त्या उताऱ्यापुढे सारखेच पराधीन असतात. प्रस्तुत ग्रंथ अशा नेमून दिलेल्या उताऱ्यांवरील नित्य चिंतनांचा आहे, आणि त्याची प्रस्तावना लिहिताना प्रथम ह्या पराधीनतेविषयीच बोलावे असे मला वाटते. कारण शुभवर्तमानाच्या वाचनातून रोजच्या जीवनाला अर्थ प्राप्त होतो असे जे आपण श्रद्धेने म्हणतो, त्याचे मर्म माझ्या मते बव्हंशी ह्यातच आहे की, तेथे उतारा आपल्या पसंतीचा नसतो, जसा सकाळी समोर येऊन उभा राहिलेला दिवसही आपल्या पसंतीचा नसतो. आणि ह्या दोन न मागितलेल्या गोष्टींची गाठ पडते, तेव्हाच मनुष्य स्वतःच्या आवडीनिवडीच्या पलीकडे पाहू लागतो.

मनाला रुचेल ते वचन शोधून काढणे अत्यंत सुलभ आहे. दुःखी मनुष्य सांत्वनाची वचने काढतो, संतापलेला मनुष्य धिक्काराची, आणि ज्याचे सर्व सुरळीत चालले आहे तो आशीर्वादाची. अशा रीतीने वर्षानुवर्षे धर्मग्रंथ हाताळूनही मनुष्य जेथल्या तेथेच राहतो, कारण तो ग्रंथाच्या मुखाने स्वतःचेच म्हणणे ऐकत असतो. नेमलेला उतारा ही सवलत देत नाही. बढती मिळाल्याच्या दिवशीच दारात पडलेल्या लाजराची आणि त्याला ओलांडून जाणाऱ्या श्रीमंताची कथा समोर येते. भावाभावांत जमिनीच्या वाटणीचा दावा चालू असताना नेमक्या त्याच आठवड्यात, वतनाचा वाटा मिळवून द्यावा म्हणून येशूकडे फिर्याद घेऊन आलेला तो गर्दीतला मनुष्य आणि त्याला मिळालेला स्पष्ट नकार वाचावा लागतो. तो उतारा आपल्यासाठी कोणी मुद्दाम काढून ठेवलेला नसतो, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालता येत नाही.

उपासनेत शुभवर्तमान वाचून दाखविण्याची रीत फार जुनी आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये जस्टिन नावाच्या तत्त्वचिंतकाने, ज्याला पुढे श्रद्धेपायी प्राण द्यावे लागले, बादशहास उद्देशून लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या सभेची हकिकत दिली आहे. शहरातले आणि आसपासच्या खेड्यांतले लोक एकत्र जमतात; प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख, जितका वेळ हाताशी असेल तितका वेळ, वाचले जातात; वाचणारा थांबला म्हणजे सभेचा प्रमुख ऐकलेल्या सद्गोष्टींचे अनुकरण करण्याविषयी बोध करतो; आणि पुढे, त्याच प्रकरणात, ज्यांची ऐपत व इच्छा असेल ते वर्गणी देतात व ती अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावाहून आलेले पाहुणे यांच्या निर्वाहासाठी प्रमुखाकडे ठेवली जाते, असे तो सांगतो. वाचनापासून वर्गणीपर्यंतची ही वाट मला फार मोलाची वाटते. ऐकलेल्या शब्दाचा अर्थ त्या मंडळीला मनाच्या एखाद्या भारावलेल्या अवस्थेत शोधावा लागला नाही. तो त्याच सभेत, पैशाच्या रूपाने, एका विधवेच्या घरी जावयास निघत होता.

नेमलेल्या उताऱ्याने मनुष्याचे आयुष्य पालटल्याची दोन उदाहरणे तर सर्वश्रुत आहेत. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात मिसर देशातला अंतोनी नावाचा जमीनदार तरुण, आईबाप नुकतेच वारल्यामुळे धाकट्या बहिणीचा आणि तीनशे अरूरा सुपीक जमिनीचा भार अंगावर पडलेला, प्रार्थनामंदिरात शिरला तेव्हा मत्तयाच्या शुभवर्तमानातील त्या श्रीमंत तरुणाची कथा वाचली जात होती, ज्याला सर्व विकून गोरगरिबांस देण्यास सांगितले होते. अंतोनी बाहेर पडला आणि त्याने जमीन गावकऱ्यांस देऊन टाकली. तेराव्या शतकाच्या आरंभी असिसीच्या फ्रान्सिसने एका लहानशा मंदिरात शिष्यांना पाठविण्याच्या प्रसंगाचा उतारा ऐकला, ज्यात सोने घेऊ नका, झोळी घेऊ नका, काठी घेऊ नका असे सांगितले आहे. उपासना संपल्यावर त्याने धर्मगुरूंना त्याचा अर्थ विचारून घेतला आणि मग काठी व पायतण टाकून दिले. दोघांपैकी कोणीही तो उतारा शोधीत गेला नव्हता. तथापि अशा उदाहरणांनी वाचकाचा एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो येथेच दूर करणे इष्ट. एका उताऱ्याने आयुष्य पालटणे हे विरळ आहे, आणि प्रपंचात राहणाऱ्या मनुष्याने त्याची वाट पाहत बसू नये. बहुतेकांच्या बाबतीत हा शब्द मार्काने चौथ्या अध्यायात वर्णिलेल्या बियाप्रमाणे काम करतो, जे पेरून शेतकरी रात्री निजतो, दिवसा उठतो, आणि ते कसे रुजते व वाढते हे त्याचे त्यालाही कळत नाही.

रोमन कॅथलिक मंडळीत आज जी वाचनमाला चालते, ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची देणगी होय. १९६३ साली परिषदेने उपासनेविषयीच्या आपल्या संविधानात शास्त्राचे भांडार लोकांस अधिक सढळपणे खुले करावे असे ठरविले, आणि १९६९ साली नवी वाचनमाला जाहीर झाली. त्यापूर्वी, १५७० च्या मिस्सा-ग्रंथापासून चालत आलेल्या शिरस्त्याने, रविवारची वाचने एका वर्षात फिरून पुन्हा आरंभास येत. आता रविवारचे चक्र तीन वर्षांचे आहे: पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान मुख्यतः प्रायश्चित्तकाळात व पुनरुत्थानकाळात. इतर वारांची शुभवर्तमाने मात्र दरसाल तीच येतात. सामान्यकाळात प्रथम मार्क, मग मत्तय, मग लूक, असे क्रमाने. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही पुढे ह्याच धर्तीच्या वाचनमाला स्वीकारल्या. ह्या तपशिलात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वर्षातले ३३ किंवा ३४ आठवडे, म्हणजे अर्ध्याहून कितीतरी अधिक काळ, ह्या सामान्यकाळाचा आहे. त्यात नाताळ नाही, क्रूसाची व्यथा नाही, रिकाम्या कबरेचा उत्सव नाही. येशू चालत आहे, बोलत आहे, कोणाकडे तरी जेवत आहे, एवढेच. संसारी माणसाच्या आयुष्याचा फार मोठा भागही असाच, सणाविना आणि संकटाविना, जातो. आणि त्याच भागासाठी मंडळीने आपले सर्वांत दीर्घ वाचन राखून ठेवले आहे.

मराठी भाषेत ही शिदोरी कशी आली, ह्याचा इतिहास मोठा आहे. येथे दोनच नावे घेतो. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली साष्टीतील राशोल येथे छापले गेले. पुराणश्रवणाची गोडी असलेल्या लोकांना त्यांच्याच ओवीत ख्रिस्तचरित्र ऐकावयास मिळावे हा त्यांचा हेतू होता, आणि रविवारी व सणावारी मंदिरात जमलेल्या लोकांपुढे ते वाचले जात असे. दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले, ते अल्पशिक्षित स्त्रियांनाही वाचता व ऐकता यावे म्हणून. केडगावच्या मुक्तिसदनातच ते छापले गेले, आणि १९२२ साली रमाबाईंचे देहावसान झाल्यावर १९२४ साली ते पूर्ण प्रसिद्ध झाले. जिच्या संस्कृत पांडित्याने कलकत्त्याच्या पंडितांना चकित केले, त्या विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे चुलीपाशी बसणाऱ्या बायकांना कळेल अशा मराठीसाठी खर्ची घातली, ही गोष्ट ह्या ग्रंथाच्या विषयाशी अगदी जवळची आहे. ज्या महाराष्ट्रात हरिपाठ रोज म्हटला जातो आणि ज्ञानेश्वरीची पारायणे होतात, तेथे नेमाने वाचण्याचे महत्त्व कोणाला पटवून द्यावे लागत नाही. आणि तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या नारायण वामन टिळकांना तर ह्या दोन परंपरांत अंतर वाटलेच नाही.

आता खुद्द शुभवर्तमानाकडे वळू. येशूच्या पहिल्या तीस वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. तो नासरेथमध्ये वाढला, त्याचा धंदा सुताराचा किंवा बांधकामाच्या कारागिराचा होता, एवढेच कळते; तेथून दीड-दोन कोसांवर सेप्फोरिस हे शहर होते, ज्याची हेरोद अंतिपास त्या काळात नव्याने उभारणी करीत होता. परंतु ती तीस वर्षे नाहीशी झालेली नाहीत. ती दृष्टांतांत उतरली आहेत. हरवलेले एक नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी स्त्री. पिठात खमीर कालवणारी गृहिणी. मळा खंडाने घेऊन मालकाचा वाटा द्यावयास नाकारणारी कुळे. न्यायासाठी मुन्सफाच्या मागे लागलेली विधवा. बुरूज बांधावयास काढण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज करणारा मनुष्य. ह्या सर्वांत धर्मस्थळ क्वचितच आहे. तेथे कर्ज आहे, बाकी आहे, मजुरी आहे, जकात आहे. जो वाचक शुभवर्तमानात रोजच्या जीवनाचा अर्थ शोधू इच्छितो, त्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे की, रोजचे जीवन त्यात बाहेरून आणून घालावे लागत नाही. आपण भक्तीच्या भरात ते नजरेआड करतो, एवढेच.

जकातीचेच उदाहरण घेऊ, कारण सबंध वर्षाचे वाचन का करावे हे त्यावरून जितके स्पष्ट होते, तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच होईल. पॅलेस्टाइनमध्ये मार्गावरची जकात बहुधा मक्त्याने दिली जात असे. मक्तेदाराने सरकारात ठरलेली रक्कम भरावी आणि रयतेकडून जमेल तितके वसूल करावे, अशी ती व्यवस्था होती, आणि म्हणून जकातदार हा लोकांच्या तिरस्काराचा धनी झालेला होता. आता पाहा. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, लूकच्या वर्षात, जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन आम्ही काय करावे असे विचारतात. तो त्यांना नोकरी सोडावयास सांगत नाही. ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच तो सांगतो. शिपायांनाही, कोणाला धाकदपटशा दाखवून पैसे उकळू नका आणि आपल्या पगारात समाधान माना, असे सांगून परत पाठवितो. राखेच्या बुधवारनंतरच्या शनिवारी लेवीची कथा येते: तो जकातीच्या नाक्यावर बसलेला असतो, येशू त्याला हाक मारतो, आणि तो सर्व टाकून उठतो. पुढे वर्षाच्या अखेरीस, सामान्यकाळाच्या एकतिसाव्या रविवारी, यरीहोचा जक्कय भेटतो. तो जकातदारांचा मुख्य आहे, श्रीमंत आहे, आणि येशू त्याच्या घरी उतरल्यावर तो अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि ज्यांना नाडले असेल त्यांना चौपट परत करण्याची प्रतिज्ञा करतो. त्याने पुढे तो अधिकार सोडला की नाही, ह्याविषयी लूक एक शब्दही लिहीत नाही.

एकच पेशा, आणि तीन उत्तरे. एकाने जागेवर राहून हात स्वच्छ ठेवावे. एकाने जागा सोडावी. एकाने मागचा हिशेब चुकता करावा. ज्याने ह्यांतली एकच कथा वाचली असेल, तो तिचा नियम करील आणि दुसऱ्यांवर लादील. तिन्ही ऐकणाऱ्याला मात्र स्वतःच्या खुर्चीकडे पाहून विचारावे लागते की, ह्या तिघांपैकी आज मी कोण आहे. लाचलुचपत चालते अशा कचेरीत काम करणारे प्रामाणिक लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि राजीनामा द्यावा की राहावे हा प्रश्न त्यांना रात्री छळतो. शुभवर्तमान त्यांना तयार निकाल देत नाही. परंतु ह्या तिन्ही वाटा ईश्वरासमोर मान्य आहेत, आणि चौथी, म्हणजे सर्वच करतात म्हणून आपणही करावे ही, मान्य नाही, एवढे ते निःसंशय सांगते.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याची कथा अशीच बाजारातून आलेली आहे. मळ्याचा धनी पहाटेस मजूर लावण्यास निघतो आणि एक दिनार रोज ठरवितो. दिनार म्हणजे मजुराच्या दिवसाची सर्वसाधारण मजुरी. मग तो तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या तासाला जातो, आणि अखेर अकराव्या तासाला, म्हणजे सूर्यास्तास तासभर उरला असता, आणखी काही जण रिकामे उभे दिसतात. दिवसभर येथे का उभे राहिलात, ह्या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे की, आम्हांला कोणी कामाला लावलेच नाही. मुंबईच्या नाक्यांवर आणि पुण्याच्या मजूर-अड्ड्यांवर सकाळी घमेली-फावडी घेऊन उभे राहणारे स्त्रीपुरुष ज्यांनी पाहिले आहेत, आणि दहा-अकरा वाजेपर्यंत मुकादम आला नाही म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटते हे ज्यांनी निरखले आहे, त्यांना ह्या उत्तरातली वेदना समजावून सांगण्याचे कारण नाही. त्यांत आळशी कोणी नाही. संध्याकाळी धनी सर्वांना एकेक दिनार देवितो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणेही मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी, द्यावयाची असते. पाव दिनारात घरातली चूल पेटत नाही, हे धन्याला ठाऊक आहे.

परंतु ह्या कथेतली मला विशेष विचार करावयास लावणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती प्रवचनांत सहसा निघत नाही. धनी कारभाऱ्याला हुकूम देतो की, शेवटी आलेल्यांपासून वाटप सुरू कर. त्याने उलट केले असते, पहाटेपासून राबलेल्यांना प्रथम त्यांचा दिनार दिला असता, तर ते आनंदाने घरी गेले असते आणि कुरकुर झालीच नसती. ठरलेल्या मजुरीत एक पैही कमी नव्हती. त्यांचे दुःख दुसऱ्याच्या हातातला दिनार पाहिल्यानंतर जन्मास आले. धन्याला ही कटकट टाळता आली असती. त्याने ती टाळली नाही, कारण त्यांनी ते पाहावे हीच त्याची इच्छा होती. आपल्या कचेऱ्यांत, शाळांत, एकत्र कुटुंबांतल्या सुनांसुनांत, जी बहुतेक कडवट भांडणे होतात, त्यांच्या मुळाशी हेच पाहिलेले असते. आणि शुभवर्तमान आपल्याला डोळे झाकून घरी पाठवीत नाही, तर त्या रांगेत उभे करून, शेजाऱ्याच्या बऱ्याने तुझे का बिघडावे, असे विचारते.

पंचविसावा रविवार मत्तयाच्या वर्षी ही कथा देतो. लूकच्या वर्षी त्याच रविवारी अन्यायी कारभाऱ्याची कथा येते, जी स्वेच्छेने चिंतनासाठी निवडणारा मनुष्य दुर्मीळच असेल. कारभाऱ्यावर उधळपट्टीचा आळ येतो, हिशेब रुजू करून कामावरून दूर होण्याचा हुकूम मिळतो. खणण्याचे बळ नाही, भीक मागण्याची लाज वाटते. तेव्हा तो धन्याच्या ऋणकोंना एकेकटे बोलावतो आणि त्यांच्याच हातून कर्जरोखे बदलवितो: शंभर बुधले तेलाचे पन्नास, शंभर खंडी गव्हाची ऐंशी. आणि धनी त्या लबाडाची शहाणा म्हणून वाखाणणी करतो! काही अभ्यासक म्हणतात की, त्याने सोडून दिला तो स्वतःचा हिस्सा किंवा रोख्यात लपविलेले व्याज असावे, आणि म्हणून त्यात चोरी नाही. हे स्पष्टीकरण सुखावह आहे, पण मला ते पटत नाही. कथा स्वतःच त्याला अन्यायी म्हणते, आणि आपण त्याला वकील देण्याची जरुरी नाही. येशूने वाखाणलेली गोष्ट एकच: मुदत संपत आली आहे हे कळताच त्या मनुष्याने एक दिवसही फुकट दवडला नाही. आपण मात्र जमिनीचे खरेदीखत, मुलीचे लग्न, विम्याचा हप्ता यांची तजवीज महिनोन् महिने आधी करतो, आणि ज्या भावाशी अबोला धरला आहे त्याच्याकडे जाण्याचे काम सवडीवर टाकतो. सत्कार्यात इतकी तत्परता का नसावी, असा तो प्रश्न आहे. नेमून दिल्याशिवाय तो आपण स्वतःला विचारला नसता.

लूकच्या दहाव्या अध्यायात दोन प्रसंग लागोपाठ आहेत, आणि वाचनमालेनेही ते पंधराव्या व सोळाव्या रविवारी लागोपाठ ठेविले आहेत. पहिला शोमरोनी मनुष्याचा. यरुशलेमहून यरीहोस उतरणारी ती वाट सुमारे हजार मीटर खाली जाते, ओसाड टेकड्यांतून. तेथे लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या प्रवाशाला याजक व लेवी पाहून पुढे जातात, आणि परका, तुच्छ मानलेला शोमरोनी त्याच्या जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. ह्यापुढचा तपशील मला अतिशय प्रिय आहे. दुसऱ्या दिवशी तो निघून जातो. तो आपले काम सोडून त्या जखमी मनुष्याच्या उशाशी कायमचा बसत नाही. उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो, अधिक खर्च झाल्यास परतताना भरीन असा शब्द देतो, आणि आपल्या उद्योगास लागतो. घरातल्या दुखणाइताची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या आणि तरीही आपण पुरेसे करीत नाही ह्या विचाराने झुरणाऱ्या कितीतरी स्त्रियांना हा दुसरा दिवस कोणीतरी वाचून दाखवावा असे मला वाटते. प्रेमात दुसऱ्याच्या हाती काम सोपविण्याची मुभा आहे. परतण्याचा शब्द मात्र पाळला पाहिजे.

आणि ज्याने हे ऐकून, करणे हेच सर्वस्व, असा निश्चय केला असेल, त्याला पुढच्याच रविवारी मार्था भेटते. ती पाहुण्यासाठी राबत आहे, बहीण मरीया नुसती पायाशी बसून ऐकत आहे. मार्था तक्रार करते, आणि येशू तिलाच, तू फार गोष्टींची दगदग करतेस, असे म्हणून थांबवितो. एका रविवारी जो हात हलवितो तो धन्य, दुसऱ्या रविवारी जी हात थांबविते ती. ह्या दोहोंचा मेळ मी घालून देणार नाही, कारण लूकनेही तो घातलेला नाही. एवढे मात्र खरे की, मधल्या सात दिवसांत प्रत्येकाला आपल्या घरात, स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत, तो घालावाच लागतो.

नित्य वाचकाला काही सावधगिरीच्या सूचना देणे माझे कर्तव्य आहे. उताऱ्याला शकुन समजू नये. परीक्षेच्या दिवशी वादळ शमविल्याची कथा आली म्हणून पेपर सोपा जाईल, असे मानणे ही ईश्वराशी केलेली सोयीची भाषा आहे. याहून गंभीर गोष्ट परुश्यांची. शुभवर्तमानात त्यांच्याशी येशूचे वाद पुष्कळ आहेत, आणि शतकानुशतके ख्रिस्ती लोकांनी ते वाद यहुदी लोकांचा द्वेष करण्यासाठी वापरले, ज्याची फळे युरोपने आणि यहुद्यांनी भोगली. वस्तुतः येशू यहुदी होता, त्याची आई व शिष्य यहुदी होते, आणि परुशी हे नियमशास्त्र सामान्य माणसाच्या घरापर्यंत नेऊ पाहणारे, लोकांत मान असलेले धर्मनिष्ठ लोक होते. जेव्हा जेव्हा परुशी हा शब्द येईल, तेव्हा तेव्हा रोज धर्मग्रंथ वाचणाऱ्या आणि त्याचे पुण्य मनात मोजणाऱ्या माणसाने, म्हणजे आपण, तेथे स्वतःस उभे करावे. तो दुसरा कोणी आहे असे मानून वाचलेला उतारा वाया गेला असे समजावे.

काही दिवस उतारा मुका राहील. १७ डिसेंबरला मत्तयाची वंशावळी वाचली जाते, नावांमागून नावे. त्यांतली तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको ही चार नावे ओळखू यावयास कदाचित काही वर्षे जावी लागतील. त्या मुक्या दिवशी ओढूनताणून तात्पर्य काढू नये. प्रस्तुत ग्रंथातही काही चिंतने अगदी त्रोटक आहेत, आणि ती तशी ठेवण्याचे धैर्य दाखविले गेले, हे मला ह्या संग्रहाचे भूषण वाटते.

वाचकांस एक विनंती करून ही लांबलेली प्रस्तावना पुरी करतो. हा ग्रंथ वाचनमालेप्रमाणे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतो. परंतु त्या रविवारची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या दिवशी तो हाती येईल, त्या दिवसाचे पान उघडावे. प्रथम शुभवर्तमानाचा उतारा मोठ्याने वाचावा, घरात ऐकणारे कोणी असल्यास त्यांना ऐकू जाईल असा. त्यानंतरच त्यावरील चिंतन वाचावे. आणि दोन्हींस पुरेल इतका वेळ हाती नसेल, तर चिंतन खुशाल सोडून द्यावे.